ताडपत्रीचा रेनकोट

४ सप्टेंबर

दुकानवालीने सांगितलं म्हणून ही वही. डोंगरात चालायचं सामान विकते ती. म्हणाली, आतापासून रोज चढायची सवय करा आणि घरी आलात की लिहा, दम कुठे लागला, काय दुखलं. लिहिलं की कळतं आपण सुधारतोय की नुसतेच दमतोय. मी म्हटलं, माझी शाळा चौथीत सुटली, त्यानंतर मी कपड्यांना लावायच्या चिठ्ठ्या सोडून काही लिहिलेलं नाही. म्हणाली, मग चिठ्ठीएवढंच लिहा. बाई खमकी आहे. मला असली माणसं चालतात.

आज पाण्याच्या टाकीपर्यंत चढले. घरामागच्या टेकडीवर टाकी आहे. अर्ध्यातच दम लागला. गुडघे नाही, मांड्या दुखल्या. जन्मभर इस्त्रीच्या टेबलाशी उभी आहे, तर वाटलं होतं की पायांची काळजी नाही. उभं राहणं वेगळं आणि चढणं वेगळं. एवढं कळलं. संपलं.

७ सप्टेंबर

मी खिंडीपलीकडे चालत जाणार, हे लाँड्रीत सगळ्यांना कळलं. सुट्टी मागायची म्हणजे सांगणं आलंच. मालक म्हणाले, हॉटेल रंगकामाला बंद राहील तेव्हा जा, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. हॉटेलच्या चादरी नसल्या तर तुमचं काम नाही. बरं झालं. त्यानंतर खिंडीत बर्फ पडतो आणि वाट बंद होते, म्हणजे हीच वेळ.

मालक गेल्यावर धुलाईवालीने चौकशी आरंभली. डॉक्टरने चालायला सांगितलंय का? नाही. नवऱ्याशी वाजलंय? नाही. मग तिकडे कोणी आहे का वाट बघणारं? त्यावर सगळ्या हसल्या. मीही हसले, पण तिचा टॉवेलचा गठ्ठा मुद्दाम शेवटी घेतला.

कशाला जातेय ते इथे लिहून ठेवते. आमच्याकडे हॉटेलच्या चादरी येतात आणि डोंगर चढून आलेल्यांचे कपडे येतात. जे खिंडीपलीकडून येतात त्यांच्या पँटच्या तळाशी, शिवणीत, तांबडी माती असते. ती जात नाही. सोडा झाला, लिंबू झालं, ब्रश झाला. धुलाईवाली हात टेकते, मग ते माझ्या टेबलावर येतं आणि मी वाफ मारमारून काढते, तरी बोट फिरवलं की लागतेच. लग्न होऊन ह्या गावात आले तेव्हापासून मी त्या मातीशी भांडतेय. ती आहे तरी कशी, जमिनीवर पडलेली कशी दिसते, एकदा बघायचंय. पुढच्या उन्हाळ्यात खिंडीतून गाडीरस्ता काढताहेत. डांबर पडल्यावर काय बघणार?

हे सांगितलं तर धुलाईवाली म्हणेल मला वेड लागलंय. म्हणून तिला सांगितलं नाही.

९ सप्टेंबर

टाकी. दम कमी. डाव्या टाचेला फोड.

ह्यांना पंधरा दिवसांपूर्वीच सांगितलंय. "बरं" म्हणाले. तेव्हापासून त्या विषयावर अक्षर नाही. भांडले असते तर चाललं असतं, मी तयारीत होते.

ह्यांचं सांगायचं तर ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचे. गावात दुसरं कोणी तसं शिवत नव्हतं. मागच्या वर्षी मालावर ताडपत्री बांधताना ट्रकवरून पडले, खुबा मोडला. आता काठी घेऊन घरात फिरतात. शिलाई मशीनवर चादर टाकलीय आणि चादरीवर रेडिओ. दिवसभर मागच्या खोलीच्या खिडकीशी बसलेले. तिथून काय दिसतं तर टेकडी, टाकी, बाजूला डोंगराची सोंड आणि कबुतरं. कबुतरं बघून एक माणूस वर्ष काढतो, हे मला कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

१३ सप्टेंबर

टाकी, न थांबता. वरून दुसऱ्या बाजूने उतरले, नवी वाट बघायची होती. घरी आले तर चहा तयार. हल्ली हे एक बरं झालंय. मी दारात चप्पल काढते आणि चहाला उकळी येते. वेळ रोज वेगळी असते, तरी चहा बरोबर जमतो. नशीब म्हणायचं.

चहा पिताना हे म्हणाले, "आज टाकीमागून उतरलीस? तिकडे मुरूम आहे, पाय सरकतो." म्हणजे शेजारीण माझ्या चहाड्या सांगते. तिला उद्या बघते.

१४ सप्टेंबर

शेजारीण गेला आठवडाभर गावातच नाही. मुलीकडे गेलीय. मग कोणी सांगितलं?

असो. पाठीवर बॅग घेऊन चढले, आत चादरी भरून. दम पुन्हा पहिल्यासारखा. राग आला.

१७ सप्टेंबर

लेकीचं पार्सल आलं. रेनकोट पाठवलाय, भारी आहे, हातात घेतला तर कागदासारखा हलका. ती दूर शहरात ऑफिसात असते. आधी फोनवर तासभर ओरडली होती की एकटी कशाला, गटाने जा, माझ्या सुट्टीपर्यंत थांब. आता रेनकोट पाठवलाय म्हणजे हरली. लेक माझीच आहे, हरली की वस्तू पाठवते. मीही तेच करते.

दुकानवालीही हेच विचारत होती, एकटीच का. तिला म्हटलं, सोबत माणूस आलं की त्याचं बघावं लागतं. त्याला तहान लागली का, त्याला बरं वाटतंय का. मला आठवडाभर कोणाचंही काही बघायचं नाही. बोलून गेले, मग वाटलं जरा जास्तच झालं. पण खरं आहे. आणि वही माझी आहे.

पार्सलमध्ये कोंबल्यामुळे रेनकोट चुरगळलाय.

२० सप्टेंबर

नणंदबाई आल्या होत्या. मी नसताना आठवडाभर इथे राहायला या म्हणून बोलावलं होतं. येते म्हणाल्या, पण आधी सगळं बोलून घेतलं.

"वहिनी, ह्या वयात बायका गुडघ्याला तेल आणतात. तुम्ही बूट आणलेत."

मी म्हटलं, तेलही आणलंय.

मग आवाज खाली करून म्हणाल्या, "मला खरं सांगा. परत येणार आहात ना? म्हणजे माणूस कंटाळतं, मी दोष देत नाही. दादा असा बसलेला. मीही कंटाळले असते."

त्यांना बरंच सुनावलं. माझं घर, माझं टेबल, माझी इस्त्री सगळं इथे आहे, मी काय त्या डोंगरात चहाची टपरी टाकणार आहे का, म्हटलं. त्या म्हणाल्या, चिडू नका, लोक विचारतात म्हणून विचारलं. लोक म्हणजे त्याच.

तेवढ्यात आतला रेडिओ बंद पडला. सेल संपले असतील, उद्या आणते.

२१ सप्टेंबर

सेल आणले. घालायला गेले तर जुन्यावरच रेडिओ व्यवस्थित चालू. मग काल कसा बंद पडला? ह्यांना विचारलं तर म्हणाले, पडतो कधीकधी.

दुपारी रेनकोट लाँड्रीत नेला आणि इस्त्री करून आणला. माझ्या हातून आजवर एक रुमालही चुरगळलेला घराबाहेर पडलेला नाही, आणि मी खिंडीच्या वाटेवरच्या तपासणी नाक्यावर लोकांसमोर असला रेनकोट घालून उभी राहणार? वाफ जरा जास्त द्यावी लागली. पण घड्या अशा बसल्या की धुलाईवाली बघत राहिली.

२५ सप्टेंबर

आज टाकीवर असताना पाऊस आला. म्हटलं छान, रेनकोटची परीक्षा होईल. झाली. खांद्यातून, पाठीतून, बाहीतून, पाणी सगळीकडून आत. बनियनपर्यंत भिजले. गाळणीही ह्याच्यापेक्षा बरी. तशीच दुकानवालीकडे गेले, म्हटलं माझ्या पोरीला कोणीतरी फसवलं.

तिने रेनकोट उलटा केला, आतून अंगठा घासला. तुकडे निघाले, उन्हात भाजून पाठ सोलते तसे.

"ह्याला काय केलंत?"

"काही नाही. नुसती इस्त्री."

"इस्त्री केलीत?"

"चुरगळला होता."

तिने रेनकोट टेबलावर ठेवला. मग म्हणाली, पाणी अडवणारा थर आतून असतो, तो विरघळला. इतकी वर्षं दुकान चालवतेय, रेनकोट फाडून आणणारे बघितले, जाळून आणणारे बघितले, एकाचा तर खेचराने खाल्ला होता. इस्त्री करून आणणारी पहिलीच. मीही हसायचा प्रयत्न केला. जमला नाही.

दुसरा द्या म्हटलं. तिने सांगितलं, हंगाम संपत आलाय, माझ्या मापाचा एकही नाही, नवा माल यायला महिना आहे. आणि चांगला रेनकोट नसेल तर नाक्यावर एकट्या माणसाला सोडत नाहीत. बॅग उघडून बघतात. प्लॅस्टिकचं कापड चालत नाही, वर वाऱ्याने फाटतं. मागे एकजण तसाच गेला होता आणि गारठून मेला, म्हणून हा नियम.

जन्मभर ज्या हाताचं लोकांनी कौतुक केलं त्याच हाताने घाण केली. आज एवढंच.

२६ सप्टेंबर

लेकीला सांगितलं. आधी हसली, मग म्हणाली, "आई, आता तरी हट्ट सोड. काहीतरी कारण असेल म्हणूनच असं झालं." कारण आहे, वाफ जास्त झाली. दुसरं कसलं कारण? फोन ठेवला.

नणंदबाईंनाही कळलं. त्यांनी निरोप पाठवला की मग मी कपडे भरू की नको. म्हटलं भरा.

टाकी चढले नाही.

२८ सप्टेंबर

आज बोलूनच टाकलं. कामावरून आले, हे खिडकीशी, नेहमीसारखे. मी बॅग जमिनीवर टाकली. म्हटलं, महिना झाला, सगळं गाव माझ्या जाण्यावर बोलतंय, तुम्ही काहीतरी बोला. जाऊ नकोस म्हणायचं तर तेही म्हणा, आता सोपं आहे, माझ्याकडे रेनकोटही नाही.

हे खिडकीबाहेरच बघत होते. म्हणाले, "दोन दिवस टाकीवर गेली नाहीस."

मी म्हटलं, कशाला जाऊ?

मग म्हणाले, "रेडिओ उचल तिथला."

मला वाटलं ऐकायचाय, म्हणून जवळ नेऊन दिला. तर म्हणाले, मला नको, खाली ठेव. चादर काढ. मशीनमध्ये तेल घालायचंय.

मी त्यांच्याशी काय बोलत होते आणि ह्यांना मशीनचं तेल सुचलं. डोकं फिरलं. पण तेल आणून दिलं. भिंतीशी तोंड करून स्वयंपाक केला.

३० सप्टेंबर

ह्यांनी मला बूट घालून, बॅग पाठीवर घेऊन खोलीच्या मध्ये उभं केलं आणि मापं घेतली. ट्रकचा माल मोजतात तशी. बॅगेवरून दोरी टाकली, खाली गाठ मारली, पुढून दोरी, मागून दोरी. "वाक," म्हणाले. वाकले. "हात वर कर, काठी टेकल्यासारखा." केला. "दगडावर बसल्यासारखी बस." म्हटलं, गाणंही म्हणू का? त्यावर हसले नाहीत. काम करताना हे कधीच हसायचे नाहीत. विसरले होते मी.

माळ्यावरची ताडपत्री काढायला सांगितली. टेम्पोला लावतात ती पातळ. म्हटलं राखाडी घ्या, डाग दिसत नाहीत. म्हणाले, राखाडी संपली, नारिंगी आहे. नारिंगी म्हणजे कसली, डोळ्यात बोट घातल्यासारखी. रस्त्याच्या कामावर लावतात तसली. मी म्हटलं, मी काय अपघाताची जागा आहे? म्हणाले, जे आहे ते आहे.

टाकी चढले. चहा नव्हता आज. हे मशीनवर बसले होते.

३ ऑक्टोबर

मशीनचा आवाज दिवसभर. घरात ताडपत्रीचा वास, फरशीवर मेणाचे थेंब. शिवण दुमडून दोनदा मारतात आणि वरून मेणबत्ती घासतात, म्हणजे सुईच्या भोकातून पाणी येत नाही. मी शिवण बघायला गेले तर म्हणाले, उजेड अडवू नकोस. एक वर्ष ज्या माणसाला मी चमचा आणून द्यायचे तो मला उजेड अडवू नकोस म्हणतो. बरं, नाही अडवत.

आधी मारलेली शिवण पसंत नाही म्हणून आज अर्धं उसवलं. माझी जायची तारीख आठवड्यावर आलीय आणि हे उसवत बसलेत. तशीच कामावर गेले.

५ ऑक्टोबर

तयार. डोक्यापासून पोटरीपर्यंत, बॅगेसकट मावते मी त्यात. काठाला पितळी रिंगा, रिंगांतून दोरी, वारा आला की कमरेशी आवळायचं. मला ट्रकसारखं बांधलंय. बाथरूममध्ये उभी राहिले आणि ह्यांनी काठी टेकून वरून बादली ओतली. एक थेंब आत नाही. मग दुसरी बादली ओतली. मी म्हटलं पुरे. म्हणाले, पावसाला पुरे म्हणणार आहेस का?

दुकानवालीला दाखवायला नेलं. तिने शिवणी तपासल्या, दोरी ओढून बघितली, म्हणाली, कोणी शिवलं हे? नवऱ्याने म्हटलं. म्हणाली, त्यांना विचारा माझ्यासाठी शिवतील का, हंगामात खेचरवाले मागतात. घरी येऊन सांगितलं. "बघू," म्हणाले. पण संध्याकाळी माळ्यावर किती ताडपत्री आहे ते विचारत होते.

आणि मी दुकानातून निघताना ती म्हणाली होती, त्यांना म्हणावं इस्त्री करायला देऊ नका कोणाला. चहाटळ आहे ती बाई.

८ ऑक्टोबर

माळ्यावरून जुनी थैली काढताना मागे राखाडी ताडपत्रीचा अख्खा गुंडाळा मिळाला. समोरच होता. म्हणजे ह्यांचा चष्मा बदलायला झाला. परत आले की नेते दाखवायला.

सामान भरलं. लोकरीचे मोजे, टोपी, औषधं, सुकं खाणं, ही वही. कपडे सगळे इस्त्रीचे. ते विरघळणारे नाहीत.

वाटेवर पाय मुरगळला तर कोणी नाही. वाट चुकले तर कोणी नाही. दुकानवालीला विचारलं, तू पहिल्यांदा एकटी गेलीस तेव्हा घाबरली होतीस का? म्हणाली, मी अजून घाबरते. ही उपयोगाची गोष्ट तिने आधी का नाही सांगितली कोण जाणे.

९ ऑक्टोबर

नणंदबाई आल्या. येताना बॅग केवढी आणलीय, म्हटलं मी आठवड्याने परत येतेय. म्हणाल्या, असू दे, थंडी आहे. उद्या निघायचंय, तोंड खराब करायचं नाही.

ह्यांनी पुन्हा रिंगा तपासल्या. मग म्हणाले, "पहिल्या दिवशी सोंडेवर गेलीस की घाल."

मी म्हटलं, हवामान चांगलं आहे, उन्हात कोण ताडपत्री घालतं?

"वारा असतो तिथे."

"तुम्ही कधी गेलात सोंडेवर?"

"घाल म्हटलं ना."

महिनाभर "बरं" आणि "बघू" वर काढला आणि आता हुकूम. म्हटलं, बघीन.

१० ऑक्टोबर

पहिल्या मुक्कामाची झोपडी. पोचले. पाय आहेत जागेवर. सगळं नीट लिहिते, जेवण व्हायला वेळ आहे.

नाक्यावर बॅग उघडली. शिपायाने नारिंगी गुंडाळा बघितला, म्हणाला हे काय, तंबू? म्हटलं, रेनकोट. घालून दाखवा म्हणाला. दाखवला. आतून दुसऱ्याला बोलावून आणलं बघायला. दोघांनी हसून घेतलं आणि शिक्का मारला.

सोंड म्हणजे गावावरचा पहिला चढ. उघडा डोंगर, झाड नाही, नुसती वाट वर जाते. टाकीची टेकडी ह्याच्यापुढे उंबरठा आहे. मी माझ्या चालीने चढले. खेचरवाला मागून आला आणि पुढे गेला, मीच त्याला वाट दिली. माथ्यावर बसले, पाणी प्यायले आणि मागे बघितलं.

गाव दिसत होतं. सगळं. लाँड्रीचा पत्रा चमकत होता. घर शोधायला वेळ लागला नाही, टाकी दिसली की खाली डावीकडे. आणि टाकीची वाट दिसत होती, जिच्यावर मी महिनाभर चढले ती. भांग पाडल्यासारखी सरळ, पायथ्यापासून वरपर्यंत. मागून उतरायची वाटही. सगळी उघडी, लपायला झुडूप नाही. आणि तिच्या बरोबर समोर मागच्या खोलीची खिडकी.

मी बराच वेळ बघत बसले. खिडकीत माणूस आहे की नाही एवढं काही इथून दिसत नाही.

वारा नव्हता. वाळलेलं गवतही हलत नव्हतं. ऊन चांगलं तापलं होतं. बॅगेतून ताडपत्री काढली, घातली, दोऱ्या बांधल्या आणि वाटेच्या कडेला, जिथे मागे नुसतं आकाश होतं, तिथे जाऊन उभी राहिले. खेचरवाला पुढच्या वळणावर बसला होता. ओरडून म्हणाला, "मावशी, पाऊस कुठाय?"

म्हटलं, "तू तुझी खेचरं बघ."

घाम निथळत होता. काढली नाही. सोंड लांब आहे, सगळी तशीच चालले, भर उन्हात, ट्रकसारखी. पलीकडे उतार लागला आणि गाव मागे गेलं, तेव्हा काढली. घडी नीट घातली.

टाकीवरून मी उतरायला लागले की हे चहा ठेवायचे. आज पलीकडच्या बाजूला उतरले, पण सवयीने ठेवला असेल. दोघांचा. माझा नणंदबाईंनी प्यायला असेल, साखर कमी आहे म्हणत.